साडेतीस हजारांत सात वर्षांचा पीसी: साताऱ्यातल्या एका अपग्रेडची हकिकत

२०२५ च्या गणपतीआधी आठवडाभर भाच्याचा फोन आला, एनव्हिडियाच्या ४०६० या ग्राफिक्स कार्डासाठी. "मामा, ४०६० टाकायचंय. तीस हजार जमलेत." त्यातले वीस ताईने दिले होते, दहा त्याच्या इंटर्नशिपचे. मी म्हटलं, कार्ड ठरवलंस ते ठीक, पण खेळतोस काय? तर रोज वॅलोरंट, आणि मनात सायबरपंक २०७७. हे दोन खेळ एकाच वाक्यात आले तेव्हाच मला वाटलं, हे प्रकरण कार्डावर मिटणारं नाही.

गौरींना साताऱ्याला जाणं होतंच. जाताना स्क्रू ड्रायव्हर आणि एक पेन ड्राइव्ह सोबत घेतला.

पेटीत काय होतं

पीसी २०१८ च्या दिवाळीत गावातल्याच दुकानातून असेंबल करून घेतलेला. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅमची कांडी, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, २४० जीबीचा एसएसडी, एक टीबीची जुनी हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला "४५० वॅट"चा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. मॉनिटर २२ इंची, ७५ हर्ट्झचा. त्या काळात त्या पैशांत ही चांगलीच निवड होती. दुकानदाराने प्रोसेसर आणि बोर्डात काटकसर केली नव्हती, म्हणूनच तर आज हे सगळं लिहायला जागा राहिली. बी४५० वर २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० सुद्धा बसतो. बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, तेवढा नवा हवा.

झाकण काढलं तर आत धुळीची गोधडी. ब्लोअर मारला, मग चालू केला आणि पहिल्यांदा उघडला तो टास्क मॅनेजर. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की उजवीकडे खाली रॅमचा वेग दिसतो. कांडीवर छापलेलं ३०००, टास्क मॅनेजर सांगतोय २१३३. सात वर्षं गाडी दुसऱ्या गिअरमध्येच चालली होती, कारण बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग, कुणी चालूच केलं नव्हतं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही, फक्त चिडचिड होते.

अडवतंय कोण?

इंटरनेटवर "बॉटलनेक कॅल्क्युलेटर" नावाचा एक प्रकार मिळतो. बॉटलनेक म्हणजे बाकीच्यांना अडवून धरणारा भाग. प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की तो "१७ टक्के बॉटलनेक" असं काहीतरी सांगतो. कुठला खेळ, कुठलं रिझोल्यूशन, हे न विचारता! पंचांग न बघता मुहूर्त काढण्यातला प्रकार. त्यापेक्षा अर्धा तास बसून मोजलेलं बरं. आफ्टरबर्नर टाकला, स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, रॅम आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) दिसायला लागले.

वॅलोरंट १०८० रिझोल्यूशनवर, चित्राच्या सगळ्या सेटिंग लो. सरासरी ११५ च्या आसपास, पण गोळीबार सुरू झाला की ६० पर्यंत आपटत होतं. आणि कार्डाचा वापर? ५५ ते ६० टक्के. म्हणजे कार्ड अर्धं बसून होतं. खात्रीसाठी रिझोल्यूशन ७२० वर आणलं. कार्ड अडवत असतं तर आकडा उडी मारून वर गेला असता. तो ११५ चा ११७ झाला. कार्ड निर्दोष सुटलं. अडवत होते प्रोसेसर आणि त्याला एका अरुंद वाटेने धान्य पुरवणारी ती एकटी कांडी. रॅम दोन कांड्यांत असली की प्रोसेसरला दोन चॅनेल मिळतात, एका कांडीत निम्मी वाट बंद.

मग सायबरपंक. या खेळाची किमान अपेक्षा २०२३ मध्ये वाढवली गेली: प्रोसेसर रायझन ५ १६००, कार्ड जीटीएक्स १०६० ६ जीबी, रॅम १२ जीबी, आणि खेळ एसएसडीवरच हवा. भाच्याचा प्रोसेसर त्या यादीत अगदी उंबऱ्यावर उभा, कार्ड आणि रॅम दोन्ही उंबऱ्याबाहेर. १०८० लोवर २४-२५ एफपीएस, कार्डाचा वापर ९९ टक्के, त्याची ४ जीबी भरून वाहत होती. ७२० वर आणताच आकडा ३८ झाला. इथे कार्ड सरळ दोषी. रॅम ८ पैकी ७.६ जीबी, म्हणजे मध्येमध्ये येणाऱ्या धक्क्यांमागे तीही.

पेटी एकच, आरोपी दोन. वॅलोरंटला प्रोसेसर नडतोय, सायबरपंकला कार्ड, आणि रॅम दोन्हीकडे सामील. आता ४०६० चा विचार करा. त्याचा भाव मला २८ हजारांच्या वर सांगितला गेला होता. ते एकटं बसवलं असतं तर सगळं बजेट संपून वॅलोरंट जिथल्या तिथे राहिलं असतं, आणि सायबरपंकमध्ये नवं कार्ड जुन्या प्रोसेसरची वाट बघत बसलं असतं. भाच्याचा चेहरा पडला, पण आकडे त्याच्याच स्क्रीनवर होते.

जाता जाता एक्सएमपी चालू केलं. त्या जुन्या प्रोसेसरवर रॅम ३००० ला टिकली नाही, २९३३ ला टिकली. वॅलोरंट ११५ वरून १३१. खर्च शून्य.

दाजींचा सल्ला आणि ताईची अट

तेव्हा घरात जीएसटीची चर्चा जोरात होती. पंधरा ऑगस्टच्या भाषणानंतर दर कमी होणार हे ठरल्यासारखंच होतं. दाजी म्हणाले, "थांबा की जरा. स्वस्त होणार म्हणतायत सगळं." आणि वर, "ते मोठे टीव्ही लई उतरतील. स्क्रीनच घ्या की एखादी चांगली!" आम्ही मामा-भाचे हसलो. हे हसणं पुढे आमच्यावरच उलटलं, ते शेवटी येईल.

दर उतरले खरे. ३ सप्टेंबरला कौन्सिलने ठरवलं, २२ सप्टेंबरपासून लागू झालं, ३२ इंचांवरचे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. पण प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड हे आधीही १८ टक्क्यांत होते आणि नंतरही तिथेच राहिले. आम्हाला थांबून दमडीचा फायदा नव्हता. तरी थांबलो, कारण ताई म्हणाली, पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही. ताईपुढे बोलायची सोय नाही. त्या पंधरवड्यात ८ जीबीच्या दोन कांड्यांचा संच ३,७०० वरून ४,१०० वर गेला. मोठ्या कंपन्या डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घेत होत्या, त्यामुळे जुनी रॅम स्वस्त होत जाते हा नेहमीचा अनुभव त्या वर्षी उलटा झाला होता.

घाई करायला मात्र दोन खरी कारणं होती. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होता आणि पहिल्या पिढीचा रायझन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. दुसरं, एनव्हिडियाने जाहीर केलं होतं की पास्कल पिढीला, म्हणजे १०५० टीआयलाही, नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबरनंतर मिळणार नाहीत, फक्त सुरक्षेचे येत राहतील. म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही एकाच महिन्यात निवृत्त होत होते.

यादी कशी आखडत गेली

प्रोसेसरचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जायचं तर प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम तिन्ही नवं, त्यातच बजेट खलास. इंटेलचा आय३ १२१००एफ स्वतः स्वस्त, पण त्याला बोर्डही घ्यावा लागतो, म्हणजे एकूण महागच. असलेल्या बोर्डावर बसणारे उरले दोन: ५५०० आणि ५६००. मला सांगितलेला फरक २,१०० रुपयांचा. कागदावर दोघेही सहा कोअर, बारा थ्रेड. पण ५५०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या पोटातली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. वॅलोरंटसारखा खेळ सतत त्याच त्या छोट्या छोट्या माहितीकडे धावतो. ती कॅशेत असेल तर रॅमपर्यंतची फेरी वाचते. ५५०० फक्त पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला रस्ता) ३.० बोलतो हाही त्याचा उणेपणा सांगतात, पण आमचा बोर्डच ३.० चा, त्यामुळे तो मुद्दा बाद. कॅशेसाठी २,१०० द्यायचे ठरले. ५७००एक्स कडे मी पाहिलंही नाही. आठ कोअर भाच्याला लागणार कशाला?

कार्डात वेळ गेला. साताऱ्यातल्या एका दुकानात भाचा आधीच चौकशी करून आला होता. तिथे त्याला "३०५० साडेसोळाला" सांगितलेलं. मी विचारलं, किती जीबी? सहा. बस्स, तिथेच मेख. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने ८ जीबीचं कार्ड आहे आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचंही. दुसऱ्यात फक्त मेमरी कमी नाही, कोअरही कमी (२,५६० च्या जागी २,३०४) आणि मेमरीची वाट १२८ बिटांऐवजी ९६ बिटांची. त्याचा एक खरा गुण: ७० वॅटमध्ये भागतं, वेगळी पॉवरची वायर लागत नाही. ज्याला एसएमपीएस बदलायचाच नाही त्याला ते योग्य. पण दुकानदाराने हे सांगून विकायला हवं, नुसतं "३०५०" म्हणून नाही.

एएमडीचं आरएक्स ६६०० मला १९,८०० ला मिळत होतं. ८ जीबी, साधारण ८ जीबीवाल्या ३०५० च्याच भावात, आणि रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या) बंद ठेवून खेळलं तर त्याच्या ठळक पुढे. रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस (एनव्हिडियाची एफपीएस वाढवणारी युक्ती) हवंच असेल तर एनव्हिडिया. पण या किमतीत रे ट्रेसिंग म्हणजे ट्रेलर बघण्याइतकंच सुख, असं माझं मत आहे. एक खाच: ६६०० ला पीसीआयईच्या आठच वाटा आहेत आणि आमचा बोर्ड ३.० चा. त्यात थोडं नुकसान होतं, पण ८ जीबी मेमरी असल्यामुळे ते जाणवण्याइतकं होत नाही. याच कारणाने ६५०० एक्सटी मात्र जुन्या बोर्डावर कधीच घेऊ नये. चारच वाटा आणि मेमरी ४ जीबी. मेमरी भरली की रॅमकडे धाव घ्यायची, आणि रस्ता बोळाएवढा.

सेकंडहँड आरएक्स ५८० सहा-सात हजारांत मिळत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं तेव्हापासून ही कार्डं बाजारात फिरताहेत. काही चांगली निघतात. पण १८५ वॅट, वॉरंटी नाही, ड्रायव्हर वेगळ्या जुन्या शाखेत गेलेले, आणि त्यात "२०४८ एसपी" नावाचा कमी कोअरचा भाऊही त्याच नावाने खपतो. माझ्या स्वतःसाठी मी घेतलं असतं. बहिणीच्या पैशांतून नाही.

४५० वॅट म्हणजे किती वॅट

या सगळ्यात मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो कुणालाच नको असलेल्या डब्यावर. दाजींचं म्हणणं, "चाललाय की सात वर्षं!" आणि ते खरंच होतं. दुकानदाराचं म्हणणं, दोन मोलेक्स (जुन्या पद्धतीचे विजेचे प्लग) जोडून कार्डासाठी आठ पिनांचा कन्व्हर्टर मिळतो, दीडशे रुपयांत काम होतं.

मी एसएमपीएस बाहेर काढून टॉर्च मारली. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्ता, त्यात +१२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरच जेवतात, त्यामुळे बघायचा आकडा तो. १२ गुणिले १६, १९२ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगांत, म्हणजे आपल्या काही कामाचे नाहीत. भाच्याला मोबाइलवर गुणाकार करायला लावला, कारण मी सांगून पटणार नव्हतं.

जुना हिशेब: १६०० चे ६५, १०५० टीआय जास्तीत जास्त ७५, मिळून १४०. म्हणून सात वर्षं चाललं. नवा हिशेब: ५६०० जोरात असताना ७६ वॅटपर्यंत ओढतो, ६६०० कार्ड १३२. झाले २०८. पंखे, डिस्क वेगळे. म्हणजे आकडा स्टिकरवरच हरलेला, आणि असल्या डब्यांचा स्टिकर तरी कितपत खरा मानायचा! त्यात मोलेक्सचा कन्व्हर्टर म्हणजे बारीक वायरीतून १५० वॅटपर्यंतची मागणी करणारा जोड. असे वितळलेले प्लग मी दोनदा पाहिले आहेत.

५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, आठ पिनांची स्वतःची वायर असलेला एसएमपीएस ३,९०० ला. ब्राँझचा शिक्का होता, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. म्हणून वॉरंटीची वर्षं बघितली. कंपनी पाच वर्षं देत असेल तर तिलाही थोडी खात्री असणार.

लॅमिंग्टन रोड

२७ सप्टेंबरला, शनिवारी, डोंबिवलीहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. ऑनलाइन भाव साधारण तेवढेच होते, पण कार्ड हातात घेऊन सिरीयल नंबर बिलावर लिहून घेता येतो, ही माझी जुनी खोड.

प्रोसेसरला दोन भाव मिळाले, ८,७०० आणि ९,४००. पहिला "ट्रे"चा, म्हणजे खोक्याविना. त्याला वॉरंटी दुकानाची, दुकान असेपर्यंत. दुसरा सीलबंद, कंपनीची तीन वर्षं. सातशे रुपये जास्त दिले. एका ठिकाणी कार्ड बरंच कमीत मिळत होतं, पण "बिल नको ना?" असा प्रश्न आला. कच्च्या बिलावर ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे विम्याविना बाइक घेण्यासारखं. पडेपर्यंत मजा.

हिशेब असा झाला. प्रोसेसर ९,४००, रॅम ४,१००, एसएमपीएस ३,९००, कार्ड १९,८००. एकूण ३७,२००. प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायची थर्मल पेस्ट २५०. हे बजेटच्या साडेसात हजारांनी वर, पण जुनं सामान विकायचं होतं. ते धरूनच मी पुढे गेलो, फरक तोवर माझ्या खिशातून. ठाण्याहून साताऱ्याच्या एसटीत कार्डाचं खोकं मांडीवर होतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, मिठाई का?

दसरा, आणि माझी चूक

बायोस गौरींच्या वेळीच नवा करून ठेवला होता. नवा प्रोसेसर जुन्या बायोसवर ओळखला जात नाही, म्हणून जुना प्रोसेसर बसलेला असतानाच ते उरकावं लागतं. बोर्डाच्या कंपनीने आधी मधली एक आवृत्ती, मग शेवटची, असं सांगितलेलं. तसंच केलं, पीसीची वायर इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावून. बायोस लिहिताना लाइट गेली तर बोर्ड गेला, एवढं साधं गणित आहे.

बसवायचा दिवस २ ऑक्टोबर, दसरा. आदल्या दिवशी खंडेनवमी. ताईने कोयता, शिलाई मशीन आणि दाजींच्या पान्यांसोबत पीसीचीही पूजा केली. कॅबिनेटला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. पूजेसाठी आदल्या सकाळपासून पीसी बंद. आणि तिथेच घोळ झाला.

कूलर काढण्याआधी पीसी दहा-पंधरा मिनिटं खेळ लावून तापवायचा असतो. त्याने आतली जुनी पेस्ट मऊ होते, मग कूलर डावी-उजवीकडे पिळत पिळत सोडवायचा. हे मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितलंय. त्या दिवशी थंडगार पीसी उघडला, चारही स्क्रू काढले (मागची पट्टी खण्णकन खाली पडली, ती पडतेच) आणि कूलर सरळ वर ओढला. "टक्" असा आवाज. कूलरसोबत प्रोसेसरही बाहेर, खटका बंद असताना, सॉकेटमधून उपटून. सात वर्षांची पेस्ट सिमेंट झालेली. एएम४ च्या प्रोसेसरला तळाशी १,३३१ पिना असतात, आणि त्यातल्या कोपऱ्यातल्या तीन वाकलेल्या दिसल्या. भाचा काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

नशीब एवढंच की तो जुना प्रोसेसर होता. सॉकेट तपासलं, त्यात काही अडकलं नव्हतं. दात साफ करायचा दोरा कूलर आणि प्रोसेसरच्या फटीत घालून दोन्ही वेगळे केले. मग भाच्याच्या कंपासमधली ०.५ ची पेन-पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं, तिचं पोकळ धातूचं टोक एकेका पिनेवर चढवून केसाएवढं केसाएवढं सरळ केलं. तासभर गेला. पिना सरळ झाल्या, पण विकताना मी घेणाऱ्याला फोटो दाखवून सांगितलं, आणि अडीच हजार अपेक्षित असलेले १,८०० झाले.

नव्या प्रोसेसरवर जुनाच कूलर लावला. १६०० सोबत आलेला तो ५६०० च्या खोक्यातल्यापेक्षा उंचीला जास्त, धातूने भरलेला. कंपनीने मध्ये काटकसर केली.

चालू केल्यावर मिनिटभर काळी स्क्रीन. बोर्ड नव्या रॅमशी ओळख करून घेत असतो, घाबरून बटण दाबायचं नाही. मग इंग्रजीत पाटी आली की नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारा भाग) रीसेट करायचं तर वाय दाबा. डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप नसल्याची खात्री होती म्हणून दाबलं. ती कुलूपबंद असती आणि रिकव्हरी की हाताशी नसती तर सगळा डेटा अडकला असता.

विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं होतं, डिस्क एमबीआर या जुन्या रचनेची. ती विंडोजमधल्याच एमबीआरटूजीपीटी या आज्ञेने, डेटा न घालवता, बदलली. मग बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने चालू होण्याची सोय, बंद केलं. या एका बटणावर तीन कामं अडलेली असतात: सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू होऊ देणारं), म्हणजेच विंडोज ११ आणि त्यावर वॅलोरंट (तो ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो), आणि रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय), ज्याने ६६०० ला फुकटात थोडा जोर येतो.

आकडे, एकेक बदल करून

कार्ड मी मुद्दाम शेवटी बसवलं. आधी नवा प्रोसेसर, नवी रॅम, जुनं १०५० टीआय. वॅलोरंट १९० च्या आसपास, आणि आता कार्डाचा वापर ९८ टक्के. आरोपी बदलला होता. मग ६६०० बसवलं: ३२० च्या आसपास, गोळीबारातही २०० च्या खाली नाही. सायबरपंक १०८० वर, मीडियम, रे ट्रेसिंग बंद, ७० च्या आसपास. आधी पंचवीस होतं. तो खेळ ७० जीबी एसएसडी खातो, त्यासाठी भाच्याने दोन वर्षांचे कॉलेजचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर हलवले. पुढचा खर्च तिथे येणार हे दिसतंय.

१०५० टीआय त्याच्याच कॉलेजमधल्या एकाने ४,२०० ला घेतलं, ड्रायव्हर थांबणार हे सांगूनही. रॅमच्या कांडीचे ९००. प्रोसेसरचे १,८००. आले ६,९००. पेस्ट धरून निव्वळ खर्च ३०,५५०.

नंतरच्या दोन गोष्टी. ऑक्टोबरच्या शेवटी एएमडीने आरएक्स ६००० पिढी ड्रायव्हरच्या वेगळ्या शाखेत टाकल्याची बातमी आली, ओरड झाली, मग खुलासा आला की नव्या खेळांचा आधार चालूच राहील. माझा जीव दोन दिवस टांगणीला होता. कार्ड महिन्याभराचं, आणि सुचवलेलं मी. दुसरी गोष्ट रॅमची. एआयच्या डेटा सेंटर्सनी सगळा माल ओढला आणि डिसेंबरपर्यंत तोच संच दुपटीच्या वर गेला. पितृपक्षातले चारशे रुपये मी ताईला माफ केले.

राहून गेलेलं

दिवाळीला भाच्याचा फोन. "मामा, ३०० दाखवतंय, पण मला आधीसारखंच वाटतंय." सायबरपंकबद्दल तो खूश होता. वॅलोरंटबद्दल बोलत होता.

मॉनिटर ७५ हर्ट्झचा. सेकंदाला पंचाहत्तर चित्रं दाखवणार, पेटी तीनशे बनवो नाहीतर हजार. धक्के गेले होते, तेवढाच फरक त्याला दिसणार होता. मी पेटी उघडून सगळं मोजलं, पेटीबाहेरची एकच वस्तू मोजायची राहिली.

कागद घेऊन बसलो. फक्त वॅलोरंट खेळायचं असतं, तर प्रोसेसर आणि रॅम १३,५००, १४४ हर्ट्झचा २४ इंची मॉनिटर नऊ हजारांच्या आसपास. साडेबावीस हजार. कार्ड जुनंच, १९० एफपीएस १४४ च्या मॉनिटरला भरपूर. एसएमपीएसही जुनाच, ७६ आणि ७५ मिळून १५१, १९२ च्या आत. आणि तो फरक भाच्याला पहिल्या मिनिटात डोळ्यांनी दिसला असता. सायबरपंकसाठी आम्ही त्यावर पंधरा हजार वाढवले, आणि आठवड्यातून सहा दिवस तो खेळतो वॅलोरंट.

फोन दाजींच्या हातात गेला. "मी म्हणत होतो, स्क्रीन घ्या." मी म्हटलं, "दाजी, तुम्ही टीव्हीबद्दल बोलत होतात." ते म्हणाले, "स्क्रीन ती स्क्रीनच की."